बबिताचा पत्ता कुणी फोडला?

दार लाथेनं मोडलं होतं. उंबऱ्यावर हुक, सुया आणि रंगीत रिळं सांडली होती. गल्लीतल्या बायांनी नवऱ्याला, सोमनाथला, धरून ठेवलं, म्हणून बबिता वाचली.

हवालदार वर्षाराणीचं डोकं सणकलं होतं. मारकुट्या नवऱ्याला सोडून ही बाई आठ महिन्यांपूर्वी केजहून माजलगावात लपायला आली. नवा नंबर घेतला, शिवणकाम शिकली, आणि तरी तो बरोबर दारात! आज तो कोठडीत होता, उद्या जामिनावर सुटणार होता. त्याआधी तिला दुसरीकडे हलवायचं होतं. पण पत्ता कुणी फोडला हे कळल्याशिवाय हलवून काय उपयोग?

“तुझ्या माहेरी-सासरी इथला पत्ता कुणाला ठाऊक होता?”

“फकस्त आयला.” बबिताचा आवाज कडू झाला. “तिनंच सांगितलं आसंल. आता मी कुठं जाणार, ते तिला कळू देऊ नका.”

साखराबाई युसूफ वडगावहून पहिल्या गाडीनं आली होती. लेक तोंड बघेना, म्हणून बाहेर पायरीवर बसून होती.

“मावशी, जावयाला काही बोललात?”

“न्हाई वो! म्या कावून सांगू? त्यानं लेक मारून टाकली आसती माजी.”

“बबिता इथं काय काम करते?”

“कुणाची धुणी-भांडी करत आसंल. मला कुठं सांगती काय?”

आता घरमालकीण राहिली. शेजारच्या तिच्या किराणा दुकानाच्या पाटीवर नंबर होता. वर्षाराणीनं तो लावला.

“आले, आले, वर्षाराणी पोलीस मॅडम,” पलीकडून लगेच आवाज आला, आणि नीलाबाई हात पुसत बाहेर आल्या.

“काकू, सोमनाथ आला तेव्हा काय म्हणाला?”

“‘ब्लाउजवाली बबिता कुठं ऱ्हाती’ म्हणून इचारलं. मला वाटलं गिऱ्हाईक हाय. मीच दार दावलं की!”

वर्षाराणी बबिताकडे वळली.

“खरं सांग. नव्या नंबरवरून सासरी फोन केला होतास?”

बबितानं मान खाली घातली. “सासू लई आजारी हाय म्हणून आय बोलली. ऱ्हावलं न्हाई. पण फोन त्यानं उचलला. मी न बोलताच ठिवला.”

“मग तुझ्या आईनं काहीच फोडलेलं नाही. तो ‘ब्लाउजवाली’ म्हणून विचारत आला. तू शिवतेस हे केजात कुणाला माहीत नाही, आईलासुद्धा नाही. म्हणजे पत्ता याच गल्लीतून फुटला. काकू, मी तर तुम्हाला पहिल्यांदाच फोन केला. माझं नाव कसं कळलं?”

“मोबाईल सांगतोय की! कुणाचा फोन हाय ते दावणारं ॲप. फुकट हाय.”

“फुकट!” वर्षाराणीनं काकूंचा मोबाईल हातात घेऊन त्या ॲपमध्ये बबिताचा नंबर शोधला. नाव होतं, ‘बबिता ब्लाउज नीलाबाई किराणा माजलगाव’.

आपल्याकडे मोबाईलमध्ये नुसतं नाव कोण ठेवतं? धंदा, गल्ली, गाव, सगळं चिकटवायचं, म्हणजे दोन बबितांत घोळ नको. ॲपनं नीलाबाईंची सगळी नावं उचलून नेली होती. सोमनाथच्या जप्त मोबाईलमध्येही तेच ॲप होतं. त्यानं त्यात अनोळखी नंबर टाकला, आणि ॲपच्या कंपनीनं त्याला दारापर्यंत आणून सोडलं.

“मी काय केलं वो?” नीलाबाई रडकुंडीला आल्या. “‘परवानगी द्या’ म्हणलं, म्या दाबलं.”

त्यांच्यावर काय गुन्हा लावायचा? आणि कंपनीला कुठल्या गल्लीत जाऊन धरायचं? वर्षाराणीनं चडफडत ॲपमधून नाव काढून टाकण्याचा अर्ज उघडला. पहिला रकाना पूर्ण नावाचा. दुसरा मोबाईल नंबरचा. तिसरा वाचून बबितानंच विचारलं, “सध्याचा पत्ता? आता कोणता लिवायचा, मॅडम?”

वर्षाराणीनं अर्ज तसाच बंद केला. बबितानं मोबाईलमधलं सिम काढलं, पायरीवर आईजवळ जाऊन बसली आणि नव्या गावाचं नाव तिच्या कानात सांगितलं.

“कुटं लिवू नगंस, आय.”

“मला कुटं लिवता येतंय?” साखराबाई म्हणाली आणि लेकीचा हात धरून उठली.