ताईच्या तेवीस खुणा

ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पण धाकटीच्या बाबतीत हे घडलंय, आणि भर दिवसा घडलंय. रविवार, सकाळचे दहा, सिमेंट कारखान्याचं कॅन्टीन.

तिथे कामगार तीन पिढ्यांपासून एकत्र जमून एकच मोठी रचना गातात. मृतांसाठीची प्रार्थना. मूळची परकी, पण आता त्यांचीच. धुळीने भरलेल्या छातीने लांब सूर एका दमात कसा ओढणार? मग जिथे दम संपतो तिथे श्वास घ्यायचा, आणि आपापल्या गाण्याच्या वहीत पेन्सिलीने बारीक खूण करायची. ज्याची छाती, त्याच्या खुणा.

माणूस गेलं की वही घरच्यांकडे येते. पण आधी खुणा खोडायच्या, मगच गायचं.

धाकटीची ताई दम लागून गेली. धाकटीच्याच मांडीवर.

वही आली. धाकटीने खुणा खोडल्या नाहीत. ताईच्या हातचं दुसरं उरलं होतं तरी काय? मोजून तेवीस खुणा.

पहिल्या तालमीत पहिली खूण आली आणि...

शेजारी कुणीतरी श्वास घेतला.

शेजारची खुर्ची रिकामी होती.

धाकटी घाबरली? छे! उलट सुखावली. दर रविवारी दोघी बहिणी गायला लागल्या.

मग धाकटीला जिना चढताना दम लागू लागला. नवरा म्हणाला, "अगं, तूही ताईच्या वाटेने निघालीस की काय?"

शनिवारी रडत रडत तिने सगळ्या खुणा खोडल्या.

रविवारी गाणं सुरू झालं. शेजारी शांत होतं. आणि मग...

घरघर.

कुणीतरी तोंड उघडून तडफडत होतं. मांडीवर ऐकली होती, तीच घरघर. गाणं संपेपर्यंत थांबली नाही.

गाणं बसवणारे मास्तर, म्हणजे कारखान्यातले न्हावी, हे ऐकून म्हणाले,

"पहिल्या तालमीआधी खोडायचं असतं गं! एकदा ती सोबत गायल्यावर नाही. आता तिने श्वास कुठे घ्यायचा?"

धाकटीने आठवून आठवून खुणा परत काढल्या. बावीस जमल्या. तेविसावी काही केल्या आठवेना.

ती अजून गाते. आता चार पायऱ्यांतच बसावं लागतं, पण रविवार चुकवत नाही. बावीस ठिकाणी शेजारी श्वास येतो.

मग एका लांब सुरात घरघर सुरू होते... आणि धाकटी पेन्सिल घेऊन पानावर तेविसाव्या खुणेची जागा शोधत राहते.