चादरीवरचा करडा

माझी लेक गोटी दुपारी एकला झोपते आणि सव्वादोनला उठते. तेवढा सव्वा तास माझा. बाळंतपणापासून ब्रशला हात लागला नव्हता. ती चौदा महिन्यांची झाली तेव्हा ठरवलं, भांडी पडू देत, कपडे पडू देत, रोज तिचंच झोपेतलं चित्र काढायचं. कॅनव्हास तोच, खुर्ची तीच, डावीकडून खिडकीचा उजेड.

चित्र काढायला मला सरांनी शिकवलं. त्यांचा एकच हट्ट असायचा. डोळे किलकिले करा, म्हणजे नाक, बोटं, उशी सगळं विरघळतं. उजेड आणि काळोख तेवढा उरतो. तोच काढा. माहीत असलेलं काढायचं नाही, दिसेल ते काढायचं. एकदा नाव दिलं की बघणं संपतं, म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात तिच्या पायांशी, चादरीवर, एक करडा डाग आला. ब्रश मळका असेल म्हणून खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी डोळे किलकिले करून रंगवत गेले आणि हाताने तो पुन्हा तिथेच लावला. नीट उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर चादर पांढरीशुभ्र. किलकिले केले की करडी.

नवऱ्याला दाखवलं. चित्रात लेक कमी आणि ढगच जास्त आलेत, म्हणाला. मग माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं बघून हळूच म्हणाला, चष्म्याचा नंबर तपासून घे. घेतला. बदलला नव्हता.

करडा मात्र सरकत होता. गुडघे. मग पोट. आता त्याला कडा आली होती: एक खांदा, त्यावर कललेलं गोल काहीतरी. कॉटजवळ कुणीच नसायचं. मी पडदा काढला, कॉट दुसऱ्या भिंतीला लावली, जिची सावली पडेल अशी प्रत्येक वस्तू खोलीबाहेर नेली. तिला मांडीवर झोपवून पाहिलं. किलकिल्या डोळ्यांना तो तिच्या फ्रॉकवर होताच.

शेवटी एका हातात कॅनव्हास आणि कडेवर गोटी, अशी सरांकडे गेले. त्यांनी तिच्या मुठीत एक कोरडा ब्रश दिला, नवी चित्रकार आली, आता माझं काही खरं नाही, म्हणून हसले, आणि चित्र भिंतीला टेकवून मागे सरले. डोळे किलकिले केले. हसू गेलं.

"कोण वाकलंय हे?"

"कुणी नाही, सर."

"माहीत आहे म्हणून काढलंस, की दिसलं म्हणून?"

"दिसलं म्हणून."

मी विचारलं, चित्र बंदच करून टाकू का?

"चित्र बंद केलंस म्हणून ते थांबेल थोडंच," ते म्हणाले. "फक्त कुठवर आलंय ते तुला कळायचं नाही, बाळा."

म्हणून काढत राहिले. बुधवारी तो तिच्या हनुवटीशी पोचला.

गुरुवारी एकला बसले. डोळे किलकिले केले. चादर पांढरी. गाल, कपाळ, उघडी पडलेली मूठ, सगळं स्वच्छ उजेडात. मला रडूच आलं. किती दिवसांनी मी माझ्या लेकीचा नुसता गाल रंगवत होते.

पण पांढरा लागेना. ट्यूबमधून थेट घेतला तरी कॅनव्हासवर करडाच दिसायचा. ब्रश धुतला. नवी ट्यूब फोडली. माझीच सावली पडत असेल म्हणून उजेडातून बाजूला झाले.

करडा कॅनव्हासवर तसाच राहिला. डोळे पूर्ण उघडले तरी राहिला. एक खांदा, वर गोल डोकं.

म्हणजे तो तिच्याजवळ नव्हता.

मी मागे वळले नाही. मी रंगवतेय तोवर तो बघत उभा राहील, असं कुठूनतरी पक्कं वाटलं. तो इथे आहे तोवर ती सुटलेली. तिचा कान रंगवला. पुसून पुन्हा रंगवला. सव्वादोन वाजून गेले.

गोटी उठली. कठडा धरून उभी राहिली आणि माझ्याकडे दोन्ही हात केले.

"आई."

मी ब्रश खाली ठेवला नाही. ऐकूच आलं नाही असं केलं.

कॅनव्हासवर मात्र त्या गोल डोक्याला सावकाश नाक आलं, हनुवटी आली. ते तिच्याकडे वळलं होतं.