दमलेला काटा

“तुझी वहिनी गप्प झाली, की तूही गप्प बसायचं. तेवढं सांभाळ.”

थोरल्या भावाचे हे शब्द भाऊजींना पाठ होते. भाऊ जाऊन वर्षं लोटली. वहिनींनी खासगी गुप्तहेर म्हणून नाव काढलं आणि भाऊजी त्यांची पिशवी धरून मागे. तोंडाला कुलूप घालणं मात्र त्यांना कधी जमलं नाही.

आज समोर फोटो स्टुडिओवाल्यांची धाकटी लेक बसली होती. मांडीवर बाबांचा जुना रोलचा कॅमेरा.

“दोन रोल वाया गेले, मावशी. फोटो पांढरेफटक! उजेड मोजणारा काटा स्टुडिओतून निघताना ठीक असतो, मग दमल्यासारखा खाली येतो. मी त्याच्यावर विसंबून जास्त उजेड आत घेते. बाबा म्हणालेत, तिसराही बिघडला तर स्टुडिओ बंद. तिथे दादाचं फ्रेमचं दुकान होईल.”

“कोणाचे फोटो?”

“आमच्या सुईणबाईंचे. दादा आणि मी त्यांच्याच हातावर जन्मलो. आज नक्की येते, असा मी त्यांना शब्द दिलाय.”

“बॅटरी बदलून बघ की,” भाऊजींनी अक्कल पाजळली.

“तीनदा बदलली, काका.”

वहिनींनी बॅटरीचं काळं झाकण अंगठ्याने चाचपलं. “गुळगुळीत आहे हो,” म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

कॅमेरा दुरुस्तीवाला उखडलाच. “माझ्याकडे तासभर काटा ठणठणीत होता! झाकण बाजूला ठेवून, तार जोडून तपासलाय. जुन्या पाऱ्याच्या बॅटऱ्या मिळत नाहीत, म्हणून कानाच्या यंत्रातली बसवून दिली. झाकणाला टाचणीएवढं भोकही पाडलं. आणखी काय करू, सोबत फिरू?”

“चोराच्या उलट्या बोंबा,” बाहेर येताच भाऊजी कुजबुजले.

“पिशवी सांभाळा, भाऊजी.”

धाकटीबरोबर दोघं स्टुडिओत आले, तेव्हा दादा फ्रेमच्या कोपऱ्यातल्या फटीत अंगठ्याने काळं मेण भरत होता. वहिनींनी बॅटरीबद्दल विचारलं. “बॅटरीतलं मला ओ की ठो कळत नाही. कॅमेरा म्हातारा झालाय, झालं!”

“काय म्हणतोस?” खुर्चीतून बाबा ओरडले. कानातलं यंत्र बंद पडलं होतं.

दादाने खणातून नवी बॅटरी काढली, तिच्यावरची चिकटपट्टी सोलली, बॅटरी टेबलावर ठेवली आणि पुन्हा मेणाकडे वळला. जरा वेळाने ती बाबांच्या यंत्रात बसवली.

वहिनींनी खुर्ची ओढली. “दादा, आधी तुम्ही सांगता, की मी सांगू?”

दादा मेण मळत राहिला.

“मग ऐका. कानाच्या यंत्रातली ही बॅटरी हवेवर चालते; कॅमेऱ्यातही हीच आहे. पट्टी सोलली, की तिला दम घ्यायला वेळ द्यावा लागतो. दादांनी तो आत्ता दिला, न सांगता. बॅटरीतलं काही न कळणारा माणूस थांबेल कशाला? दुरुस्तीवाल्याकडे झाकण उघडं होतं, हवा मिळाली, काटा टिकला. झाकण लावलं, की पाडलेल्या भोकातून हवा जायला हवी. पण माझ्या अंगठ्याला भोक लागलंच नाही. कोणीतरी बुजवलंय.”

त्यांनी टाचणीने झाकण कोरलं. काळ्या मेणाची बारीकशी गोळी निघाली. फ्रेमवरही तेच मेण चमकत होतं.

“आयुष्यभर चौकटी मी केल्या,” दादाने हातातलं मेण टेबलावर आपटलं. “लोक नाव घेतात ते हिच्या फोटोंचं. बाबा, तुम्हीसुद्धा.”

बाबांना आता सगळं ऐकू येत होतं. “गाढवा,” ते म्हणाले, “मला सांगायचंस ना. एरवी ऐकायला येत नसलं, तरी हे ऐकलं असतं.”

धाकटीने झाकण लावलं, कॅमेरा खिडकीकडे धरला. काटा ताठ उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत बसले. पाहता पाहता तासभर उलटला, काटा तसूभरही ढळला नाही.

“जिंकलीस पोरी!” भाऊजींनी टाळी वाजवली. बाबांनी कमरेची स्टुडिओची किल्ली सोडून तिच्या हातात दिली.

“फ्रेम मी करतो,” दादा मान खाली घालून म्हणाला. “सुईणबाईंची.”

“मग माप घ्यायला चल,” धाकटी म्हणाली.

भाऊजी काहीतरी बोलणार होते. वहिनी गप्प होत्या, म्हणून तेही गप्प बसले. दोघं भावंडं पायऱ्या उतरली. तिच्या गळ्यात कॅमेरा होता, त्याच्या हातात मोजपट्टी.