उजव्या कानापुरता हेडफोन

"ओ पावणं, सरका की! सरका सरका…" असं तो ओरडला म्हणे. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मी आपली राजारामपुरीतल्या सातव्या गल्लीच्या कोपऱ्यावर, गणपतराव रेडिओवाल्यांच्या काचेपुढे उभी राहून आतले हेडफोन बघत होते. तेवढ्यात डावीकडून एक भलामोठा लाकडी खोका माझ्या खांद्यावर आदळला, माझी छत्री उडून गटारात गेली, आणि खोका वाहणारा माणूस एका पायावर नाचायला लागला. खोका त्याच्या अंगठ्यावर पडला होता.

"कान हायत का भजी तळून लावल्यात?" तो कळवळून म्हणाला.

एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण कानाचा विषय निघाला की माझं सगळं अवसान गळतं. तोंड तापलं, डोळे भरले, आणि चार चांगल्या शिव्या जिभेवर असताना मी म्हटलं काय, तर… "लक्ष नव्हतं."

माझा चेहरा बघून त्याचाच चेहरा पडला. गटारातली छत्री त्यानं काढली, नळाखाली धुतली, झटकली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"चुकलं माझं. अंगठा बोलला हो, मी न्हवं."

हसू आलं मला. काय करणार!

हे पंच्याऐंशी सालचं. गणपती नुकतेच गेले होते, मंडळांना भाड्यानं दिलेले कर्णे आणि स्पीकर दुकानात परत येत होते. हा दस्तगीर, गणपतरावांकडे दुरुस्तीचं काम करायचा. उंच, सावळा, केसांत पावसाचे थेंब, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर.

"काय दावू?" त्यानं विचारलं.

"हेडफोन. चांगला पाहिजे. पण… फार महाग नको."

"म्हंजे समद्यांना पायजे तसला," तो म्हणाला आणि काउंटरवर तीन हेडफोन मांडले.

मला हेडफोन कशाला हवा होता, ते सांगते. मामूनं कुवेतहून टेपरेकॉर्डर आणला होता. मी तो लावला की आवाज आपोआप मोठा व्हायचा. एक दिवस शेजारच्या बाळाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "ताजबी, तुझ्या रशिदाला कमी ऐकाय येतंय का गं?" अम्माच्या हातातली परात खाली पडली. त्या दिवसापासून टेपवर फडकं पडलं. मी वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते, पगारातून थोडं बाजूला टाकलं होतं. हेडफोन घ्यायचा, वाटेल तेवढ्या मोठ्यानं ऐकायचं आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असा माझा बेत होता.

कारण बाळाबाईंचं खरं होतं. मला डाव्या कानानं ऐकूच येत नाही.

"ह्यो बघा," दस्तगीर सांगत होता, "हेच्यावर जपान लिवलंय. लिवू दे. चिकटवलेल्या कागदानं आवाज येत न्हाई. वायर पिनीत शिरती तिथं वाकवून बघायचं, समदे हेडफोन तिथंच मरत्यात. आन् डोक्यावर घालून एक आख्खं गाणं काढायचं. दुकानात मऊ लागतंय, घरी गेल्यावर कान दुखत्यात."

"आणि आवाज?"

"आवाज मोठा म्हंजे चांगला न्हवं. मोठा तर आमचा कर्णाबी हाय. बारीक ऐकाय आलं पायजे… बांगडी वाजल्यागत."

हे बोलताना त्याची नजर माझ्या हाताकडे गेली. मी हात पदराखाली घेतला. लगेच घेतला असं नाही.

दोन हेडफोन घालून पाहिले. एक डोक्याला आवळायचा, दुसऱ्याची वायर त्यानं वाकवून दाखवली तर आवाज बेडकासारखा तुटायचा. तिसरा काळा, कानांवर स्पंज असलेला. त्यानं तो स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर चढवला. बोटं केसांना लागली न लागली… आणि त्यानं कॅसेट चालू केली. उजव्या कानात एक बाई इतक्या जवळून गायला लागली की मी डोळेच मिटले.

"कसा हाय?"

"झकास! हाच द्या."

"दोनी बाजूंनी झकास?"

"हो की! दोन्ही बाजूंनी."

मग हळूच हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून त्यानं आपल्या कानांना लावला. डावी वाटी हातानं चाचपली, वायर हलवली, आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. पण मला सगळं कळलं.

"ह्यो दुरुस्तीला काढल्याला," तो पुटपुटला. "चुकून हितं मांडला म्या. हेची डावी बाजू… बंद हाय."

पायाखालची जमीन फाटावी आणि आपण आत जावं असं म्हणतात ना, तसं झालं. जमीन काही फाटली नाही. मीच छत्री उचलली, "विचार करून येते" म्हटलं आणि जी निघाले ती बसस्टॉप ओलांडून पुढे गेले तरी थांबले नाही. घरी येऊन मोरीत तोंड धुतलं. धुतलेलं तोंड परत परत ओलं होत होतं.

आमच्या घरी या गोष्टीची फार लाज होती. मी लहान असताना अब्बा एस.टी.त मेकॅनिक म्हणून गगनबावड्याला होते. तिथल्या पावसात माझा कान वाहायला लागला. दवाखाना लांब, रस्त्यावर दरड. अम्मानं लसूण कढवून तेल कानात सोडलं. पुढे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा आधीच गेला होता, तेलाचा काही दोष नाही. अम्माला ते आजतागायत पटलेलं नाही. "किसकू बोलनेका नै," एवढंच तिनं मला शिकवलं, आणि मी ते नमाजाइतकं पाठ केलं.

बैठकीची खोलीही तिनं तशीच मांडली होती. माझी खुर्ची कोपऱ्यात, डावीकडून भिंतीला चिकटलेली, म्हणजे येईल तो माणूस उजवीकडेच बसणार. बघायला आलेले पाहुणे म्हणायचे, मुलगी किती लाजाळू, कोपरा सोडत नाही! आता मिरजेचं एक स्थळ रविवारी येणार होतं. अम्मानं खुर्ची आत्ताच भिंतीला आणखी सरकवली.

मी दुसऱ्या दिवसापासून एक स्टॉप आधीच उतरून चालत ऑफिसला जायला लागले. सातवी गल्ली टाळायची म्हणून सहाव्या गल्लीतला सगळा चिखल तुडवला. शुक्रवारी संध्याकाळी परतीची बस धरायला गेले तर त्याच स्टॉपवर दस्तगीर उभा. मी दिसताच तो समोरून येऊन माझ्या उजव्या बाजूला आला. इतक्या सहज, की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी बस येते का ते बघायला लागले.

"तुमचा हेडफोन तयार हाय."

"मला नको आहे."

"घिऊ नका. ऐकून तरी जावा."

दुकानात गणपतराव चहाची बशी तोंडाला लावून बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि बशी घेऊन मागच्या खोलीत निघून गेले. दस्तगीरनं तोच काळा हेडफोन काढला.

"डावी बाजू दुरुस्त केली?" मी जरा टोचूनच विचारलं.

"न्हाई. तुमाला तिचा काय उपेग?" तो म्हणाला, आणि मग घाबरून भराभर बोलायला लागला. "म्हंजे असं बगा, ह्या नव्या कॅसेटींत निम्मं गाणं डाव्या वाटीत भरत्यात आन् निम्मं उजव्या. तुमी आजवर निम्मंच ऐकलंय. म्या आत जोड दिलाय. आता दोनी बाजू उजवीकडंच येत्यात. लावा की…"

लावला. तेच गाणं, त्याच बाई. पण बाईंच्या मागे आता कुणीतरी सतार वाजवत होतं! हे गाणं मला तोंडपाठ होतं आणि त्यात सतार आहे हे मला माहीत नव्हतं. बाई थांबल्या की सतार तेच पुन्हा म्हणायची, जरा लाडात. गाणं संपलं तरी मी हेडफोन काढला नाही. काढला असता तर रडलेलं दिसलं असतं. ते तसंही दिसत होतंच.

"मला कुणाची कीव नको," मी म्हटलं.

"कीव?" तो चिडलाच. "त्या दिशी तुमाला काय बोललो म्या, आठवतंय न्हवं? तवापास्नं घास गिळंना झालाय. तोंड दावायची लाज वाटती म्हणून दोन दिस स्टॉपच्या खांबामागं हुबा ऱ्हायलो. कीव माझी करा, बाई!"

मी पैसे पुढे केले. त्यानं काचेवर लिहिलेली किंमत तेवढी घेतली, जोड दिल्याचं काही घेतलं नाही.

"रविवारी मला बघायला येणार आहेत," मी उगाचच सांगितलं. त्याला सांगायचं काही कारण होतं का? नव्हतं.

"कुठलं?"

"मिरजेचे."

"चांगलं गाव हाय," तो म्हणाला आणि स्क्रू नसलेल्या जागी स्क्रूड्रायव्हर फिरवत बसला.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि फुफू, म्हणजे त्याची आत्या. सगळं अम्माच्या मांडणीप्रमाणं चाललं होतं. पण खिडकीतून पावसाची झड आत यायला लागली आणि फुफू उठल्या. "ये गं, इथं बस," म्हणत त्यांनी मला हाताला धरून पलंगावर आपल्या शेजारी बसवलं. नेमकं उजवीकडे मला, म्हणजे त्या माझ्या डावीकडे.

त्यांनी काहीतरी विचारलं. मी हसले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा हसले.

"येतं की तिला, सगळं येतं!" अम्मा मधे पडली. तिच्या ओठांवर घाम आला होता.

"तिला बोलू दे की," फुफू म्हणाल्या. हे त्या मोठ्यानं म्हणाल्या म्हणून मला कळलं.

मी अम्माकडे पाहिलं. ती डोळ्यांनी विनवत होती. सोपं होतं, आणखी एकदा हसायचं. मग निकाह, मग मिरज, मग तिथल्या घरात जन्मभर कोपरा शोधत बसायचं, आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी आपलं तोंड लपवायचं. पूर्ण गाणं ऐकून आल्यावर मला अर्ध्यावर हो-हो करायचा कंटाळा आला.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," मी म्हटलं. "तुम्ही काय विचारलं ते कळलं नाही. या बाजूला येऊन विचाराल का?"

फुफूंनी काहीच विचारलं नाही. चहा मात्र पूर्ण घेतला, कप विसळून ठेवू का म्हणाल्या, आणि कळवतो म्हणून सगळे गेले.

अम्मा कप घासायला बसली. मी तिच्या शेजारी बसून पुसायला घेतले. लाजेनं माझे कान जळत होते, ऐकणारा आणि न ऐकणारा, दोन्ही. शेवटचा कप माझ्याकडे देताना ती खाली मान घालून म्हणाली, "तेलाचं का नाही सांगितलंस?"

"तेलानं झालंच नाही, तर काय सांगू?"

तिनं ओल्या हातानंच माझा डावा कान धरला आणि रडली. मीही रडले. मग खुर्ची भिंतीपासून ओढून खिडकीपाशी ठेवली. अम्मानं बघितलं, पण परत सरकवली नाही.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी सरळ सातव्या गल्लीत गेले. बाहेर भुरभुर चालू होती. गणपतराव नव्हते. दस्तगीर एका रेडिओच्या पोटात डोकं घालून बसला होता.

"पाहुणे गेले," मी म्हटलं.

"कुठं?"

"मिरजेला. परत यायचे नाहीत. मी सगळं सांगून टाकलं."

रेडिओतून डोकं बाहेर आलं. तो बघत राहिला. मग उठला, काउंटरला वळसा घालून आला आणि माझ्या… डाव्या बाजूला उभा राहिला. तिथल्या खिळ्यावर वायरी टांगल्या होत्या. त्या नीट करायच्या मिषानं तो काहीतरी बोलला. समोरच्या कपाटाच्या काचेत मला त्याचे ओठ हलताना दिसले.

"दस्तगीर, ही बाजू बंद आहे. तुम्हीच शोधून काढलंत ना?"

"म्हणून तर हिकडनं बोललो."

हे मात्र काचेत स्पष्ट वाचता आलं. त्याचे कान लाल झाले होते.

"असं का?"

"लाज वाटती हो!"

"लाजायचं काम इतकी वर्षं मी केलं. आता तुम्ही करा. उजवीकडे या आणि बोला."

तो आला. वायरींचा एक गुंता हातातच राहिला होता. एकदा दाराकडे बघितलं, एकदा गुंत्याकडे, आणि माझ्या कानाशी अगदी हळू म्हणाला, "आमच्या अम्मीला तुमच्या घरी धाडू का?"

अक्षरन् अक्षर ऐकू आलं. बारीक, बांगडी वाजल्यागत.

"काय?" मी म्हटलं.

"अम्मीला… तुमच्या घरी… धाडू का?"

"मोठ्यानं बोला. ऐकू नाही आलं."

त्यानं छातीत श्वास भरला आणि असा ओरडला की रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक लावून आत बघायला लागला. समोरच्या गिरणीतल्या बायका पिठाचे डबे घेऊन दारात आल्या.

"ऐकू आलं नाही," मी पदर तोंडाला लावून म्हटलं.

"आवं, समद्या गल्लीला आलं की!" तो रडकुंडीला आला.

सायकलवाला थांबलेला, बायका थांबलेल्या, दस्तगीर वायरींत अडकलेला. मला खरं तर आणखी एकदा ऐकायचं होतं. पण त्याच्याकडे बघून राहवलं नाही.

"धाडा की," मी म्हटलं. तेही मोठ्यानं.