सायलस गार्लंडची विहीर

सायलस गार्लंड हा आमचा विहिरी खणणारा पूर्वज. त्याचा माग काढायला बाबा आणि मी विल्टशरमधल्या त्याच्या गावी गेलो, तेव्हा छान ऊन पडलं होतं. चर्चच्या दफ्तरात त्याचं लग्न सापडलं, मुलांचे बाप्तिस्मे सापडले. दफन मात्र कुठेच नाही. त्याच्या बायकोच्या थडग्यावर तिच्या नावाखाली निम्मा दगड कोरा होता. बाबांच्या हृदयाचं आता काही खरं नव्हतं. त्या कोऱ्या जागेत सायलसचं नाव कोरून घ्यायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. पण माणूस कुठे पुरलाय ते कळल्याशिवाय दगडाला हात लावता येणार नाही, असं पाद्रीबाई म्हणाल्या आणि त्यांनी आम्हाला टेकडीवर मिसेस हॅलेटकडे पाठवलं. सायलसची शेवटची विहीर त्यांच्या परसात होती.

मिसेस हॅलेट सत्तरीच्या, फटकळ. चहा ओतता ओतता त्यांनी सासूकडून ऐकलेलं सांगितलं. सायलस सकाळी टोपलीत बसून खाली उतरला. संध्याकाळी दोर ओढला, तर टोपली रिकामी. कडा ढासळल्या नव्हत्या. दुसरा माणूस उतरवला; त्याला तळ दिसला, सायलस दिसला नाही. पाणी तर कधी लागलंच नाही.

परसात आम्ही तिघांनी मिळून लाकडी झाकण सरकवलं. ती सगळी टेकडीच खडूच्या दगडाची, त्यामुळे विहिरीच्या कडा पांढऱ्याफटक होत्या. तळघरासारखा गार वास वर आला.

मग आवाज. ठक्. जरा थांबून पुन्हा ठक्. दगडावर लोखंड.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. पाणी ठिबकत असेल, मी म्हणाले.

"पाणी असतं तर मी बादल्या कशाला वाहिल्या असत्या, बाई?" मिसेस हॅलेट म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा हे अगदी जवळून ऐकू यायचं. आता बराच खाली गेलाय."

बाबा कष्टाने गुडघ्यांवर बसले. मी त्यांचा कोट घट्ट धरला.

"सायलस," चहाला बोलवावं तसं ते म्हणाले, "वर ये. पुरे झालं आता."

आवाज थांबला.

बाबा कान देऊन ऐकत राहिले. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी मान डोलावली.

"बरं," ते म्हणाले.

 खालून काय ऐकू आलं, ते मी गाडीत विचारलं.

"अजून पाणी लागलं नाही म्हणतो," बाबा म्हणाले. "एकट्याने होत नाही गं, डोरे."

मी विषय बदलला.

पुढच्या आठवड्यात दुपारी मिसेस हॅलेटचा फोन आला. बाबांची तब्येत कशी आहे, एवढंच त्यांनी विचारलं. बरे आहेत, म्हटलं, जेवून समोरच खुर्चीत झोपलेत. त्या जरा घुटमळल्या. मग, कालपासून दुपारचे दोघं खणताहेत, म्हणाल्या, आणि मला ऐकवायला फोन विहिरीपाशी घेऊन गेल्या.

एक घाव. त्याच्या मागून दुसरा, जरा हलका.

बाबा गाढ झोपेत होते. खुर्चीच्या हातावर त्यांची उजवी मूठ वर उचलली जात होती आणि पडत होती.

दुसऱ्या घावाबरोबर.