कोनाड्यातला पेला

कोल्हापुरात समुद्राचा विषय काढला की लोक गणपतीपुळ्याच्या सहलीच्या गोष्टी सांगतात. कळंब्यात दादासोंच्या गोठ्यात मात्र तसं कुणी काही बोललं नाही. त्यांचा मुलगा संग्राम सागरी बचाव सेवेत होता. मागच्या पावसाळ्यात बुडत्या ट्रॉलरवरची माणसं काढताना तोच लाटेत गेला. सापडला नाही.

या सेवेत काय बदलायचं ते ठरवणाऱ्या समितीत मी आहे. पाणी किती गार, अंगात जॅकेट आहे का, यावरून माणूस किती वेळ तग धरेल त्याचा तक्ता माझाच. तेवढा वेळ उलटला की शोध थांबतो. संग्रामचाही तसाच थांबला होता. नियम बदलावा का, हे घरच्यांना विचारायला मी आले होते. खरं तर बदलावा असं मला वाटत नव्हतं. शोधणारीही माणसंच असतात, त्यांनाही घरी कुणीतरी असतं.

संध्याकाळची धार चालू होती. संग्रामची आई, सरुबाई, दारात लसूण सोलत होत्या. दादासोंनी चरवीतून पेला भरून माझ्या हातात दिला.

"प्या की. धारेचं हाय."

मग दुसरा भरला, "हे संग्रामचं," म्हणाले आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. पोरगा तालमीत जायचा तेव्हापासूनचा हा पेला. तो नोकरीवर गेला तरी दादासो रोज पेला भरायचे आणि मागाहून ते दूध रेडकाला पाजायचे. घरोघरी असे हट्ट असतात.

"हात लावून बघा," सरुबाई म्हणाल्या.

पेला गार होता. एकाच चरवीतलं माझं दूध अजून ऊन होतं. दगडी कोनाडा आहे, मी स्वतःला समजावलं. दगड ऊब ओढून घेतो.

"त्यो नोकरीवर हुता तवा रातच्यालाबी ऊन असायचं," दादासो म्हणाले. "शोध थांबला तवाबी ऊनच. मी तुमच्या हापिसात फोन केल्ता. म्हणलं, पोरगं जित्तं हाय. म्हणाले, कशावरनं? काय सांगू, दुधावरनं?"

"मग?"

"फुडं बी लई दिस ऊन हुतं. मग एका सकाळी वतल्या वतल्या गार पडलं."

सरुबाईंचा हात लसणावर थांबला. मला फार वाईट वाटलं. दुःखाचा हिशेब कुठल्या तक्त्यात बसवणार? मी माझा पेला रिकामा केला. हळूहळू चरवीतलं उरलेलं दूध निवलं आणि त्यावरचा फेस बसला.

दिवेलागणीला विश्वजितचा फोन आला. तो नियंत्रण कक्षात असतो. सध्या कुठलाही शोध थांबवण्याआधी मला विचारायचं, असं समितीने ठरवलं आहे. गोठ्यात नीट ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला.

"मॅडम, उलटलेल्या होडीवरचा मोतीराम तारी अजून मिळाला नाही. तक्त्याप्रमाणे वेळ संपली. थांबवू ना?"

मी हो म्हणणार होते.

दादासो उठले. माझ्या रिकाम्या पेल्यात त्यांनी चरवीतलं ते निवलेलं दूध ओतलं.

"हे मोतीरामचं," ते म्हणाले आणि पेला माझ्या हातात दिला.

पेला ऊन होता. नुकती धार काढल्यासारखा. दुधावर फेस चढत होता.

"थांबवू नका," मी म्हणाले.

"कारण काय लिहू?"

मी सरुबाईंकडे बघितलं. त्या पेल्याकडे बघत होत्या.

"मॅडम? बोट परत फिरतेय. कारण सांगा."

दादासो पुढे झाले. पेल्यावरच्या माझ्या बोटांवर त्यांनी आपले दोन्ही तळवे घट्ट दाबून धरले, ऊब राहावी म्हणून.

"म्याडम, काय बी सांगा, पण बिगी बिगी सांगा," ते म्हणाले. "बुडाकडनं गार व्हायला लागलंय."