रक्षिताच्या गाडीचा वाढीव हप्ता

रक्षितानं मारुती मागं घेतली आणि धप्प असा आवाज झाला.

आरशात पाहिलं तर एक स्कूटर आडवी पडलेली… आणि तिच्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभा असलेला एक उंच तरुण.

"सॉरी हं! स्वल्प अंदाज चुकला," ती घाईनं उतरत म्हणाली. गडबडली की तिच्या तोंडी बनशंकरीतली, घरची कानडीमिश्रित मराठीच यायची.

"स्वल्प?" तोही मराठीतच म्हणाला. "हेडलाइट गेला की हो माझा! आता कुठं निघालाय तेवढं सांगा, म्हणजे मी दुसऱ्या रस्त्यानं जातो."

"इथंच… विम्याच्या ऑफिसात."

थोड्या वेळानं ती आत गेली, तर टेबलापलीकडे तोच! कृष्णात, निपाणीचा, विमा अधिकारी. तिची फाइल चाळताना त्याच्या ओठांवर हसू आलं.

"वर्षात तीन अपघात. आणि नाव रक्षिता!"

"स्कूटर धरू नका त्यात."

"नाही धरली. पण हप्ता मात्र जवळजवळ दुप्पट होणार. नियमच आहे."

रक्षिताचा चेहरा उतरला. हप्ता वाढला तर गाडी विकायची, असं वडिलांनी, मल्हाररावांनी, बजावलं होतं. नोकरी होती के. आर. पुरमला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. गाडी गेली की नोकरी जाणार, आणि मग घरात लग्नाशिवाय दुसरा विषय निघणार नाही.

"हप्ता मला कमी करता येणार नाही," तो हळूच म्हणाला. "गाडी मागं घ्यायला मात्र शिकवता येईल… रविवारी?"

त्या संध्याकाळी तिनं वडिलांना गळ घातली. "अण्णा, वाढलेला हप्ता माझ्या पगारातून भरते. एक वर्ष द्या."

"सरी, भर तू," मल्हारराव म्हणाले. "पण पुन्हा ठोकलीस, तर विकली म्हणून समज."

रविवारी सकाळी बनशंकरीतल्या नव्या लेआउटचे, नव्या वसाहतीचे, रस्ते मोकळे असत. झाडांची गुलाबी फुलं बॉनेटवर पडत, आणि शेजारी कृष्णातचा शांत आवाज… "डावीकडे… आणखी थोडं… आरशात बघा."

"बघतेय की."

"मागचा रस्ता बघा. मला नको."

ती लाजली. आरसा खरंच थोडा त्याच्याकडे वळलेला होता!

वर्षभर गाडीला ओरखडासुद्धा उठला नाही. पॉलिसी पुन्हा काढली, हप्ताही उतरला. मल्हाररावांनी गाडीवर कौतुकानं हात फिरवला. पण पुढच्या रविवारी कृष्णात गप्पगप्पच होता.

"माझी बदली झालीय," तो अखेर म्हणाला.

तिनं रस्त्यातच करकचून ब्रेक दाबला. "कुठं?"

"यशवंतपूरला."

"यशवंतपूर!" तिचे डोळे भरूनही आले आणि हसूही फुटलं. "याच शहरातलं की! मला वाटलं, तुम्ही…"

"काय वाटलं?"

तिनं उगाचच आरसा सरळ केला.

"तुमची फाइल माझ्याकडे होती, म्हणून वर्षभर गप्प राहिलो," तो म्हणाला. "आता नाही. अण्णांना भेटायला येऊ?"

"कानडीत बोलणार की मराठीत?"

"ज्या भाषेत ते हो म्हणतील त्या!"

"आधी माझं हो तर विचारा…"

"तेच विचारतोय, रक्षिता." त्यानं गिअरवरचा तिचा हात हातात घेतला.

मागं लॉरीवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला होता.

"हो," ती पुटपुटली. "आता हात सोडा ना… गिअर टाकायचाय."

पण हात तिनंच घट्ट धरून ठेवला होता.